कमरेची नस, झटका आणि ऑपरेशनची भीती

वर्धा-यवतमाळकडच्या गावांत सध्या व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो आहे : कमरेची नस दबली तर ऑपरेशन करू नका, पाय कायमचे लुळे पडतात, मणका चोळून, झटका देऊन बसवून घ्या आणि अंथरुणावर पडून राहा. या सल्ल्याने माणसे अपंग होऊ शकतात, म्हणून त्यातील प्रत्येक दाव्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

मणका बसवण्याचा दावा मुळातच चुकीचा आहे. वयोमानाने सांध्यांची हाडे वाढतात, मणक्यांमधील पट्टा जाड होतो, गादी मागे फुगते आणि नसांची वाट अरुंद होते. चोळल्याने ती रुंद होत नाही, उलट हाडे ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसाचा मणका झटक्याने मोडू शकतो.

पडून राहण्याचा सल्लाही तितकाच घातक आहे. पुढे वाकल्यावर ही वाट थोडी मोकळी होते, म्हणून निंदण करताना ओणवी असलेली बाई बराच वेळ तग धरते, पण काम आटोपून ताठ उभी राहून घराकडे निघाली की थोड्याच अंतरात तिचे पाय भरून येतात, मुंग्या येतात आणि धुऱ्यावर टेकल्यावरच तिला बरे वाटते. घरच्यांना हा कामचुकारपणा वाटतो, हे फार वाईट आहे, कारण या आजाराची खूण नेमकी हीच आहे. अशा रुग्णाला फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पुढे वाकण्याचे व्यायाम, सायकल आणि थांबत थांबत चालणे यांचा उपयोग होतो. अंथरूण धरल्याने स्नायू आणखी अशक्त होतात. कंबरेतील इंजेक्शनचा आराम बहुधा तात्पुरता असतो.

ऑपरेशनमध्ये नसांवर दाब देणारे हाड आणि पट्टा काढतात. जंतुसंसर्गासारखे धोके त्यात आहेत, परंतु पाय लुळे पडणे विरळ आहे. अमेरिकेतील 2015 च्या एका अभ्यासात ऑपरेशन आणि व्यायाम या दोन्ही गटांची स्थिती दोन वर्षांनी जवळपास सारखी होती, मात्र व्यायामाच्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्णांनी त्या काळात ऑपरेशन करून घेतले होते. म्हणजे बहुतेकांनी आधी व्यायाम करून पाहावा, आणि तरीही चालणे कमी होत गेले तर ऑपरेशन टाळू नये. स्क्रू टाकून मणके जोडण्याची सरसकट गरज नसते, हे स्वीडनमधील 2016 च्या अभ्यासात दिसले. म्हणून स्क्रू का हवेत, हे सर्जनला अवश्य विचारावे आणि खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याची जागा बधिर झाली अथवा पाऊल उचलेनासे झाले, तर व्यायामाची वाट न पाहता रुग्णाला त्याच दिवशी नागपूर किंवा सेवाग्रामसारख्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.