‘फॉर सर्व्हिस’ हे दोन शब्द कुठे गेले?

ताईचा मेसेज रात्री पावणेअकराला आला. वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ म्हणून सांगणारा तो दुहेरी बाण, खाली तिची ओळ: ‘हे बघ ना, आपल्या सोनूसाठी. उद्याच शेवटची तारीख आहे म्हणे.’ असल्या मेसेजांत शेवटची तारीख नेहमी उद्याच असते. महिन्याभरात हाच मजकूर मला तीन ग्रुपांवर दिसला होता आणि तिन्ही वेळा मी तो अंगठ्याने वर ढकलून दिला. या वेळी ढकलता आला नाही, कारण भाचीने फॉर्म निम्मा भरून टाकला होता.

ज्यांच्यापर्यंत तो अजून पोहोचला नसेल त्यांच्यासाठी (असे कोण उरलेत देव जाणे) त्याचा सारांश असा. अमेरिकन सरकारने कॉम्प्युटर आणि नेटवर्क सिक्युरिटीच्या शिक्षणासाठी ९० कोटी डॉलर मंजूर केले आहेत, पण विद्यार्थीच मिळत नसल्याने पैसा पडून आहे. ‘सायबरकोअर स्कॉलरशिप’मध्ये पूर्ण फी माफ, शिवाय वर्षाला ३७,००० डॉलर थेट खात्यात. कोणत्याही देशाचा विद्यार्थी पात्र. एक पैसाही परत करायचा नाही. शिक्षण संपलं की सरकारी नोकरी पक्की. भारत सरकार मात्र या विषयावर दमडी खर्च करत नाही. खाली लिंक.

धादांत खोटं असतं तर बरं झालं असतं, दोन ओळींत निकाल लागला असता. हे तसं नाही. अशी शिष्यवृत्ती खरंच आहे आणि तिचं पूर्ण नाव आहे ‘सायबरकोअर स्कॉलरशिप फॉर सर्व्हिस’. सेवेच्या बदल्यात शिष्यवृत्ती. मेसेज लिहिणाऱ्याने नावातले शेवटचे दोन शब्द छाटले आणि मग उरलेला मजकूर रचला. ही छाटणी चुकून झाली असेल यावर माझा विश्वास नाही.

‘कोणत्याही देशाचा विद्यार्थी पात्र’ हे आधी घेऊ, कारण इथेच विषय संपायला हवा होता. ही योजना २००१ पासून चालू आहे, नॅशनल सायन्स फाउंडेशन ही अमेरिकन सरकारी संस्था ती चालवते, आणि १८ डिसेंबर २०१४ च्या सायबरसिक्युरिटी एन्हान्समेंट ॲक्टने तिला कायद्यात बसवलं. त्या कायद्याचं कलम ३०२ कुणीही उघडून वाचावं. भाषा अवघड नाही. पात्रतेची अट स्वच्छ लिहिली आहे: विद्यार्थी अमेरिकेचा नागरिक किंवा तिथला कायमस्वरूपी रहिवासी, म्हणजे ग्रीन कार्डवाला, असला पाहिजे. आपल्या सोनूकडे तूर्त पासपोर्टही नवा कोरा आहे, त्यावर एक शिक्कासुद्धा नाही. विद्यार्थी व्हिसावर गेली तरी ती या अटीत बसत नाही.

अट अशी का, हेही उघड आहे. मे १९९८ मध्ये क्लिंटन सरकारने देशाची वीज, बँका, टेलिफोन, वाहतूक यांच्या रक्षणासाठी एक आदेश काढला, तेव्हा सरकारच्या लक्षात आलं की आपल्याच खात्यांतली यंत्रणा सांभाळायला माणसं नाहीत. ती तयार करण्यासाठी ही योजना निघाली. ज्यांना उद्या सरकारी गोपनीय यंत्रणांसमोर बसवायचं, ज्यांची सुरक्षा तपासणी व्हायची, त्यांच्या शिक्षणाचा खर्च. हा काही जागतिक दानधर्म नाही.

एक अर्धसत्य मान्य करतो, जिवावर आलंय तरी. सायबर सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांना हेच फाउंडेशन संशोधनासाठी वेगळं अनुदान देतं आणि त्यातून प्रयोगशाळेतल्या परदेशी पीएचडी विद्यार्थ्याला संशोधन सहायक म्हणून पगार मिळू शकतो. आपली कितीतरी मुलं तशी शिकली आहेत. पण तो रस्ता विद्यापीठाच्या प्रवेशातून आणि त्या प्राध्यापकाच्या होकारातून जातो. व्हॉट्सॲपच्या लिंकमधून जात नाही.

आता ‘एक पैसाही परत करायचा नाही’. माझं डोकं फिरलं ते या ओळीवर.

समजा, एखाद्या अमेरिकन मुलीने पदव्युत्तर शिक्षणाची दोन वर्षं ही शिष्यवृत्ती घेतली. फी सरकारने भरली. वर्षाला ३७,००० प्रमाणे ७४,००० डॉलर हाती आले, शिवाय परिषदा, पुस्तकं, परीक्षा यांसाठी वर्षाला ६,००० पर्यंतचा भत्ता. (३७,००० हा आकडा मेसेजने बरोबर दिलाय, तेवढं श्रेय देऊन टाकतो. पदवीच्या मुलांना मात्र ३७ नव्हे, २७ हजार मिळतात, आणि सोनू अजून पदवीच्याच वर्गात आहे.) या बदल्यात तिने लिहून दिलेलं असतं की जितका काळ पैसे घेतले तितका काळ सरकारी नोकरी करीन, तीही सायबर सुरक्षेशी संबंधित. बहुतेकांनी केंद्र सरकारच्या खात्यांत, थोड्यांनी राज्य किंवा स्थानिक सरकारांत.

नाही केली तर? वर्षही पूर्ण न करता सोडली तर घेतलेली सगळी रक्कम परत. दोनांपैकी एक वर्ष करून सोडली तर त्या प्रमाणात, म्हणजे निम्मी. परत न दिल्यास शिष्यवृत्तीचं रूपांतर शैक्षणिक कर्जात होतं आणि ते व्याजासकट फेडावं लागतं. हे सगळं त्याच कायद्यात आहे, पात्रतेच्या अटीपासून फार लांब नाही. ज्याने योजनेची माहिती शोधून ३७,००० हा आकडा उचलला त्याला ही अट दिसली नसेल? दिसली असणारच. पण ‘अट मोडल्यास कर्ज’ लिहिलं की लिंकवर बोट जात नाही.

ताईचं यावर म्हणणं असं की, ‘अरे, नोकरी मिळणार असेल तर वाईट काय? आपल्याकडे तर लोक बाँड लिहून देऊन शिकतात.’ बरोबर आहे तिचं. बाँड लिहून देण्यात लाज नाही. सरकारी खर्चाने डॉक्टर होणाऱ्यांना आपल्याकडेही ग्रामीण सेवेचा बाँड असतोच, आणि तो मोडला तर दंड भरावा लागतो हे घराघरांत माहीत असतं. मुद्दा लपवण्याचा आहे. बाँडवर सही करणाऱ्याला तो बाँड आहे हे ठाऊक असावं, एवढंच.

आणि ‘नोकरी पक्की’चं म्हणाल, तर ज्यांना ती शिष्यवृत्ती रीतसर मिळाली त्या अमेरिकन मुलांना विचारा. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी केंद्र सरकारच्या नोकरभरतीवर स्थगिती आणली. त्याच वर्षी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या या योजनेतल्या मुलांची गोची झाली. सरकारी नोकरी करणं बंधनकारक, आणि सरकार भरतीच करेना. काहींच्या हातात आलेली नेमणूक मागे घेतली गेली. शिक्षण संपल्यापासून साधारण दीड वर्षात नोकरी शोधायची असते, ती मुदत धावत होती आणि मुदतीच्या टोकाला कर्ज उभं होतं. नोकरी शोधण्याची जबाबदारी मुळातच विद्यार्थ्याची असते. सरकार मेळावे भरवतं, खात्यांशी गाठ घालून देतं, नेमणुकीचं पत्र हातात ठेवत नाही.

९० कोटींचं गौडबंगाल सोडवायला मला थोडा वेळ लागला, कारण आधी वाटलं आकडा हवेतूनच काढलाय. तसं नाही. २७ नोव्हेंबर २००२ ला जॉर्ज बुश यांनी सायबर सिक्युरिटी रिसर्च अँड डेव्हलपमेंट ॲक्टवर सही केली आणि त्यात पाच वर्षांसाठी मिळून सुमारे ९० कोटी डॉलरची मुभा होती. म्हणजे बातमी खरी आहे, फक्त सोनूच्या जन्माआधीची आहे. त्यातही ‘मंजूर’ या शब्दाची गंमत आहे. अमेरिकेत एक कायदा ‘इतकं खर्च करायला हरकत नाही’ असं म्हणतो आणि प्रत्यक्ष पैसा दरवर्षीच्या खर्चाच्या कायद्यातून वेगळा सुटतो, बहुधा कमीच. ‘यंदा फ्रिज घेऊ’ असं घरात ठरणं वेगळं आणि दुकानदाराच्या हातात नोटा पडणं वेगळं. तेव्हा ‘पडून असलेला’ पैसा नावाची गोष्टच नव्हती.

शिवाय तो पैसा कशासाठी होता ते पाहा. मोठा वाटा संशोधनाला. शिक्षणाचा जो भाग होता तो कॉलेजांसाठी: नवे अभ्यासक्रम बसवायला, प्रयोगशाळा उभारायला, शिक्षक तयार करायला, दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत हा विषय न्यायला, पीएचडी करणाऱ्यांना आधार द्यायला. त्या काळी खरा दुष्काळ शिकवणाऱ्यांचा होता. पर्ड्यू विद्यापीठातले संगणक सुरक्षेचे प्राध्यापक युजीन स्पॅफर्ड यांनी १९९७ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सांगितलं होतं की, मागच्या पाच वर्षांत देशातल्या प्रमुख सुरक्षा-संशोधन केंद्रांतून या विषयात १६ पीएचडी झाल्या आणि त्यांतले फक्त तिघे शिकवण्याकडे वळले. तिघे! वर्गात उभं राहायलाच कुणी नसेल तर हजार मुलांना शिष्यवृत्ती देऊन ती बसणार कुठे? म्हणून अनुदान आधी संस्थेला. मेसेज वाचून वाटतं की सरकार पोतं घेऊन रस्त्यावर उभं आहे.

‘थेट खात्यात’ हेही याच कारणाने बाद. अनुदान मिळतं विद्यापीठाला, विद्यार्थी अर्ज करतो त्या विद्यापीठाकडे, निवड तिथला विभाग करतो. वॉशिंग्टनमधून कुणी परस्पर खाते क्रमांक मागत नाही. आणि कुठलंही विद्यापीठ चालत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने १९९९ मध्ये पर्ड्यू, जॉर्ज मेसन, जेम्स मॅडिसन वगैरे पहिली सात विद्यापीठं या विषयाची केंद्रं म्हणून मान्य केली. आज अशा मान्यताप्राप्त संस्था शेकड्यांनी आहेत, पण त्या सगळ्याच ही शिष्यवृत्ती देत नाहीत.

भारत सरकारबद्दलची ओळ देशभक्तीच्या उलट्या फोडणीसाठी टाकलेली दिसते. आपल्याकडे २००५ पासून ‘आयएसईए’ नावाचा माहिती सुरक्षा शिक्षण आणि जागरूकतेचा सरकारी प्रकल्प आहे, २०१४ मध्ये त्याचा दुसरा टप्पा मंजूर झाला, सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था त्यात आहे, आयआयटी-एनआयटी आहेत. तो पुरेसा आहे का, यावर मी कधीही भांडायला तयार आहे. ‘दमडी नाही’ मात्र खोटं. आणि तिथेही पैसा मुख्यतः संस्थांकडेच जातो, हे जाता जाता.

राहिला तो फॉर्म. सोनूने मला स्क्रीन दाखवली. नाव, जन्मतारीख, आईचं नाव, आधारची दोन्ही बाजूंची छायाचित्रं, पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, वडिलांच्या खात्याचा रद्द केलेला चेक. त्याखाली ‘नोंदणी शुल्क’, पाच हजाराला एक रुपया कमी, कुणा व्यक्तीच्या नावच्या यूपीआयवर. पत्ता अमेरिकन सरकारच्या संकेतस्थळासारखा दिसावा म्हणून मधे ‘गव्ह’ अक्षरं घुसवलेली, शेवट मात्र ‘डॉट ऑनलाइन’. तिथल्या सरकारी पत्त्याचा शेवटच ‘डॉट गव्ह’ने होतो, मधल्या अक्षरांना काही अर्थ नाही. नेटवर्क सुरक्षा शिकायला निघालेल्या मुलीकडून पहिल्याच पानावर एवढा ऐवज मागणारा माणूस विनोदी तरी असेल नाहीतर फार हुशार.

‘मामा, पैसे नाही भरले मी अजून,’ ती म्हणाली. आधार आणि पासपोर्ट मात्र चढवून झाले होते. आम्ही तेव्हाच आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, तिच्या बाबांनी बँकेला कळवलं, सायबर गुन्ह्यांच्या १९३० क्रमांकावर तक्रार नोंदवली. कागदपत्रं काढून टाकाल का, असं फॉर्मवरच्या नंबरला लिहून विचारलं. पाच मिनिटांत उत्तर आलं: ‘सर, आधी नोंदणी पूर्ण करा, मग रद्द करता येईल.’