सहावी परात गेटबाहेर ठेवू या

यंदाच्या त्रिपुरी पौर्णिमेसाठी सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा सुरू झाली आहे. बहुतेकांचं म्हणणं, शार्पी (लांबवर अरुंद, प्रखर झोत टाकणारे फिरते दिवे) मागवू, एलईडी वॉल लावू, रील्स झकास येतील. माझं मत वेगळं आहे आणि ते दोन ओळींत सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मी २२ वर्षं नाटकांची प्रकाशयोजना करतेय. गडकरी रंगायतनात डिमरवर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमीजास्त करणाऱ्या यंत्रावर बसून शिकले. नाटकात प्रेक्षक अंधारात आणि दिव्याची सगळी सूत्रं माझ्या हातात, हे बरोबरच आहे. पण सणात तसं नको. जेजुरीच्या दीपमाळा डोळ्यांसमोर आणा. दगडी हातांवर दिवे ठेवायला कुणाला तरी वर चढावं लागतं, खालून कुणी तेल पुरवतं, वाती कुणीतरी दुपारभर बसून वळलेल्या असतात. दीपमाळ उजळायला माणसं लागतात. विजेची रोषणाई आली आणि नेमकी ही माणसंच वजा झाली. आता एक ऑपरेटर बटण दाबतो आणि बाकी सगळे फोन वर धरून उभे राहतात.

म्हणून गेल्या वर्षी पाचपाखाडीतल्या आमच्या आवारात आम्ही बांबूची सात थरांची दीपमाळ उभारली. खाली घराघरांतून आणलेल्या पाच पितळी पराती. एका परातीवर हात ठेवला की एक थर उजळतो. वरचे दोन थर मात्र पाचही परातींवर एकाच वेळी हात असतील तरच लागतात.

हे पहिल्या फटक्यात सुचलं नव्हतं. आधी वाटेवर मोशन सेन्सर लावले होते, जिन्यात माणूस आला की दिवा लावतात ते. ते अंगाची ऊब आणि आजूबाजूचं तापमान यांतला फरक ओळखतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात हा फरकच कमी होतो, त्यामुळे तालमीत कधी लागायचे, कधी नाही. आणि गर्दी झाली की सगळेच दिवे कायम लागलेले! हा दिवा आपल्यामुळे लागला हे कुणाच्या लक्षातच येईना. ज्याच्यामुळे दिवा लागतो त्याला ते कळलं नाही, तर मग साधं तोरण काय वाईट?

परातीला हात लावणं मात्र कुणाला शिकवावं लागत नाही. ईएसपी३२ नावाची चिप काही शे रुपयांत मिळते, तिला स्पर्श कळतो. परातीच्या मागे एक वायर डाग देऊन जोडायची, बस्स. अडचण आली ती दवाची. रात्री धातूवर ओल धरली की हात नसतानाही चिपला मिळणारे स्पर्शाचे आकडे सरकायला लागायचे. मग चिपला सांगितलं, परात मोकळी असेल तेव्हा दर काही मिनिटांनी 'हात नसणं' म्हणजे काय ते नव्याने शिकून घे.

खरा वेळ गेला तो दिवा किती वेगाने लागावा हे ठरवण्यात. हात ठेवल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागात काहीतरी हललं पाहिजे, नाहीतर माणूस परात बिघडली समजून निघून जातो. पण पूर्ण उजेड लगेच आला तर ते बटण वाटतं. म्हणून आधी बारीक ठिणगी, मग दीड सेकंदात ज्योत धरल्यासारखा उजेड. विझायला २० सेकंद. हात काढल्यावरही आपला दिवा थोडा वेळ मागे राहतो आणि तेवढ्यात दुसरा कुणी पुढे येतो.

वायरिंगचंही सांगते, कारण बरेच जण इथेच फसतात. दीपमाळेवरच्या आमच्या एलईडी पट्टीत ८४० दिवे होते. सगळे पूर्ण पांढरे लावले तर ५ व्होल्टवर जवळजवळ ५० अँपिअर ओढतात. एकाच टोकाने वीज दिली तर दुसऱ्या टोकाला व्होल्टेज पडतं, आणि निळ्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागत असल्यामुळे तिथला पांढरा तांबूस दिसायला लागतो. आम्ही प्रत्येक थराला वेगळी वायर नेली आणि दिवे पाव उजेडावर चालवले. अंधारात तेवढा उजेड पुष्कळ होतो. २३० व्होल्टचा सप्लाय लांब, कुलूपबंद पेटीत, त्याच्यावर वीज गळली की लगेच सप्लाय तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर. लहान मुलं हात लावणार त्या वस्तूत इथे काटकसर करायचीच नाही. तरी सगळा खर्च १६,००० च्या आत बसला.

शार्पीचा झोत मी रंगमंचावर आवडीने वापरते. पण दोन इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तो थेट बेडरूमच्या खिडकीत शिरतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मागच्या गणपतीत चार रात्री चादरी टांगल्या होत्या. लेझरचं तर नावच नको. झोत डोळ्यात गेला तर पडद्याला कायमची इजा होऊ शकते.

त्या रात्रीचं एक सांगायचं राहिलं. साडेदहा वाजून गेले होते, गर्दी ओसरली होती. वॉचमन काका, तळमजल्यावरच्या काकू आणि इस्त्रीवाल्याची दोन मुलं, असे चौघं परातींवर हात ठेवून उभे. पाचवं कुणीच नाही. मी वायरी तपासत होते, मी मुद्दामच गेले नाही. तेवढ्यात जेवणाचं पार्सल घेऊन एक मुलगा आला. मोठ्या मुलाने त्याला हाक मारली, "दादा, इकडे हात ठेव ना." त्याने ठेवला. काहीच झालं नाही, हातमोजा जाड होता. धाकटा म्हणाला, "मोजा काढून." त्याने दाताने मोजा ओढून काढला, तळहात परातीवर टेकवला आणि वरचे दोन्ही थर हळूहळू उजळत गेले. पाचही जण माना वर करून बघत होते. अर्ध्या मिनिटाने त्याचा फोन वाजला आणि तो गेला, सामानाच्या लिफ्टने, कारण आपल्याकडे त्याला तीच लिफ्ट वापरायला सांगतात. त्याच्या थराचा दिवा अजून विझत होता.

एलईडी वॉलसमोर त्याला कुणी हाक मारली असती असं मला वाटत नाही.

यंदा मला दोन बदल हवेत. गेल्या वर्षी सगळ्या पराती तीन फुटांवर होत्या, व्हीलचेअरवरच्या काकांना खांदा उचलून हात पुढे करावा लागला. त्यामुळे दोन पराती खाली, दोन फुटांवर घेऊ. आणि एक सहावी परात गेटच्या बाहेर, फुटपाथच्या बाजूला लावू. आता वरचे दोन थर सहा हातांनी लागतील, आणि त्यातला एक हात कायम बाहेरच्या माणसाचा असेल.

सभा रविवारी संध्याकाळी आहे. सहावी परात कुणाकडे असेल तर आधी कळवा, पितळीच हवी, कल्हई चालेल.