'एक स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

हृदयाचं ऑपरेशन झालेल्या मुलांची जनुकीय तपासणी का करावी, यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली 'एक स्पष्टवक्ता' या नावाने प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून निसटली असेल त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देते:

"ताई, लेख भावनेच्या भरात लिहिलाय. जनुकीय आणि अनुवांशिक यातला फरकही तुम्हाला ठाऊक नाही. तपासणीचा निकाल काहीही येवो, सर्जन तेच ऑपरेशन करणार. मुलं ऑपरेशनच्या रांगेत असताना जीन शोधत बसणं ही चैन आहे. शिवाय एक्सोमचे रिपोर्ट बरेचदा 'अर्थ अनिश्चित' असे येतात, त्याने आईबाप आणखी घाबरतात. असो, आईचं मन आहे, समजू शकतो."

याचं पहिलं उत्तर मी डेक्कन ते कोथरूड पीएमपीच्या बसमध्ये उभ्याने टाईप केलं होतं. ते मुलीने पुसायला लावलं. हे दुसरं.

आधी शेवटच्या वाक्याचं बघू. 'आईचं मन' म्हणजे नक्की काय हो? मी वीस वर्षं विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासते. कुठल्या तारखेची सही कुठल्या तारखेच्या बिलाशी जुळत नाही, हे शोधायचा मला पगार मिळतो. माझ्या मुलीची हॉस्पिटलची फाईल मी त्याच डोळ्यांनी वाचली आहे, डिस्चार्जच्या कागदापासून नर्सने समासात केलेल्या नोंदींपर्यंत. हाच लेख एखाद्या बापाने लिहिला असता तर 'बापाचं मन आहे' असं तुम्ही म्हणाला असता का? नसता म्हणालात. 'अभ्यासपूर्ण लेख, काही मुद्दे पटले नाहीत' असं लिहिलं असतं. आणि ५२ वर्षांच्या अनोळखी बाईला ताई म्हणायला माझी हरकत नाही, पण ताई म्हणून हाक मारायची आणि पुढच्याच वाक्यात कान धरायचा, ही रीत कुठली?

आता तुमचं बरोबर आहे ते मान्य करते. लेखात दोन ठिकाणी मी 'जनुकीय' असं लिहायला हवं होतं तिथे 'आनुवंशिक' लिहिलं. चूक झाली, दुरुस्त केली आहे. (तुम्ही मात्र 'अनुवांशिक' लिहिलंय. शुद्ध शब्द 'आनुवंशिक' आहे. फरक शिकवणाऱ्याने निदान शब्द तरी बघून घ्यावा.)

जनुकीय म्हणजे जनुकांतल्या बदलामुळे झालेलं, आनुवंशिक म्हणजे आईबापांकडून आलेलं. पण हा फरक मला ठाऊक नाही, हे कुणाला सांगता? त्या फरकाच्या बाहेर उभं राहून मी अकरा वर्षं काढली आहेत. मुलगी ऑगस्ट २००४ची. चौथ्या महिन्यात ती रडली की ओठ निळे पडायला लागले. इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आणि टेट्रालॉजी ऑफ फॅलो हे नाव घरात आलं: खालच्या दोन कप्प्यांच्या मधल्या भिंतीला भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी त्या भोकावर सरकलेली आणि उजवा कप्पा जाड झालेला. आमच्या सासूबाईंना यातलं काही ऐकायचं नव्हतं. त्यांचं निदान आधीच झालेलं होतं. त्या वर्षी मे महिन्यात खग्रास चंद्रग्रहण होतं, मध्यरात्रीनंतर, आणि मी ते पाळलं नव्हतं. मी झोपले होते. विळीला हात लावला नव्हता, की सुई हातात घेतली नव्हती, म्हणून मग झोपले हाच गुन्हा ठरला. गर्भाचं हृदय दुसरा महिना संपता संपता घडून झालेलं असतं आणि मला मेमध्ये सहावा महिना होता, हे गणित मांडायला मला फार उशीर झाला. ग्रहणाचा विषय संपला तेव्हा 'तुमच्या माहेरी कुणाला होतं का?' हे सुरू झालं. ते वर्षानुवर्षं चाललं, दर संक्रांतीला, दर मुंजीत.

पुढे मुलीची जनुकीय तपासणी झाली (ती कशी, ते खाली सांगते), तेव्हा आमची दोघांचीही केली. दोघांतही काही नव्हतं. बदल तिच्यातच पहिल्यांदा झालेला होता. जनुकीय, पण आनुवंशिक नव्हे. २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी गंभीर हृदयदोष असलेल्या ३६२ मुलांचा डीएनए त्यांच्या आईवडिलांच्या डीएनएशेजारी ठेवून पाहिला. मुलांमध्ये असे बदल सापडले जे आईतही नव्हते आणि बापातही नव्हते, आणि साधारण १० टक्के मुलांच्या दोषात अशा नव्या बदलांचा हात असावा असा त्यांचा अंदाज निघाला. हे वाचून मी काय केलं असेल, याची कल्पना तुमच्या त्या 'आईच्या मना'त बसते का बघा. मी त्या पानाची प्रिंट काढली आणि सासूबाईंच्या पोथीत ठेवली. त्यांना इंग्रजी येत नाही. तरी ठेवली.

तर मुख्य वाक्य. "निकाल काहीही येवो, सर्जन तेच ऑपरेशन करणार." हे तुम्ही इतक्या ठामपणे लिहिलंय की क्षणभर मलाही पटलं. म्हणून मी फाईल पुन्हा काढली.

मुलगी चौदा महिन्यांची असताना ऑपरेशन झालं. भोक बुजवलं, वाट रुंद केली, उत्तम काम झालं. त्या सर्जनांना मी आजही दिवाळीला फोन करते. तिसऱ्या दिवशी आयसीयूत तिला झटका आला. समासात नोंद आहे: कॅल्शियम कमी, शिरेतून दिलं, थांबला. पुढच्या पानावर विषय संपलेला. ती तान्ही असताना दूध नाकातून यायचं, हेही त्याच फाईलमध्ये, वेगळ्या डॉक्टरांच्या अक्षरात. पुढे तिचा आवाज नाकातून यायला लागला, शाळेत गणित काही केल्या बसेना, कान सतत फुटायचे. प्रत्येक तक्रारीला वेगळा डॉक्टर, वेगळी फी, वेगळी फाईल. हॉस्पिटलांची नावं लिहिणार नाही, कारण एकाची चूक म्हणून ही गोष्ट सांगतच नाहीये.

२०१५ साली एका नव्या डॉक्टर बाईंनी तिला दारातून आत येताना पाहिलं, दोन वाक्यं बोलायला लावलं, बोटं पाहिली आणि विचारलं, "हिची फिश टेस्ट झालीय का?" (घरी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आता मासे खायला घालणार?") या चाचणीत गुणसूत्राच्या ठरावीक तुकड्याला चमकणारा रंग लावतात. दोन ठिपके दिसायला हवेत. आमच्या रिपोर्टमध्ये एकच होता. बावीसाव्या गुणसूत्राच्या एका प्रतीतला छोटा तुकडा गळालेला. अमेरिकेतले डॉक्टर डायजॉर्ज यांनी १९६५ साली ज्या मुलांचं वर्णन केलं, त्यातलंच हे. साधारण ४००० जन्मांमागे एक. आणि टेट्रालॉजीच्या मुलांत? सहा-सात जणांत एक. स्पष्टवक्ते, सहा-सातांत एक. ही दुर्मीळ गोष्ट नव्हे.

आता ऑपरेशन 'तेच' आहे का बघा. या तुकड्याच्या अभावी गळ्याजवळच्या पॅराथायरॉईड ग्रंथी नीट वाढत नाहीत, म्हणून कॅल्शियम खाली येतं. रक्ताच्या पिशवीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट असतं आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं. म्हणजे आधीच कमी असलेल्या मुलाला ऑपरेशनात रक्त दिलं की आणखी कमी. ही गोष्ट आधी ठाऊक असती तर तिसऱ्या दिवसाची वाट बघावी लागली नसती. दुसरं, थायमस ग्रंथी फारच लहान असेल तर टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) अपुऱ्या राहतात. अशा मुलाला दिलेल्या रक्तातल्या दात्याच्या पांढऱ्या पेशी त्या मुलावरच उलटू शकतात. म्हणून त्यांना देण्याचं रक्त किरणोत्सर्ग देऊन घेतात. माझ्या मुलीला साधं रक्त दिलं गेलं. तिच्या टी-पेशी बऱ्यापैकी होत्या, म्हणून काही झालं नाही. हे आम्हाला अकरा वर्षांनी कळलं. जिवंत जंतूंच्या लशी देण्याआधीही अशा मुलांची प्रतिकारशक्ती पाहायची असते. आपल्याकडे बीसीजी आणि पोलिओचे थेंब पहिल्याच दिवसांत देऊन मोकळे होतात.

एवढ्यावर थांबणार होते, पण दहाव्या वर्षी घडलेलं सांगतेच. नाकातल्या आवाजासाठी घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. तारीखही मिळाली होती. मुलीला ताप आला म्हणून ते पुढे गेलं, इतकंच. नंतर डॉक्टर बाईंनी समजावलं: या मुलांत मेंदूकडे जाणारी मोठी धमनी कधी कधी घशाच्या मागच्या भिंतीत मधोमध सरकलेली असते. निदान माहीत असेल तर सर्जन आधी स्कॅन करून ती कुठे आहे ते बघतो आणि मगच सुरी लावतो. आम्ही नंतर स्कॅन केला. डावीकडची सरकलेली होती. 'निकाल काहीही येवो.' हं.

कॅल्शियमचं तर अजून संपलेलं नाही. मोठं आजारपण, ऑपरेशन, गर्भारपण, अशा वेळी ते पुन्हा खाली येऊ शकतं. आणि तिला मूल व्हायचं असेल तर प्रत्येक खेपेला निम्मी शक्यता आहे की हा बदल पुढे जाईल. तेव्हा मात्र तो आनुवंशिक असेल, तुमच्या शब्दात अनुवांशिक. हे तिला आज ठाऊक आहे, आणि उद्या एखादं स्थळ आलं तर ती स्वतः सांगणार आहे. हे सगळं एका चाचणीमुळे. ही चैन?

राहिलेल्या मुद्द्यांचं थोडक्यात. रांग आहे, कुणी नाही म्हटलं? ती रांग मी तुमच्याहून जास्त वेळा उभं राहून पाहिली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३पासून हृदयदोषाची तपासणी आहे, फुले योजनेत ऑपरेशन आहे, तरीही रांग आहे. पण ती जीन शोधणाऱ्यांमुळे लागलेली नाही. बॉल्टिमोरला २९ नोव्हेंबर १९४४ रोजी निळ्या बाळावरचं पहिलं ऑपरेशन झालं, त्याआधी सर्जन ब्लेलॉक यांचे सहायक व्हिव्हियन थॉमस प्रयोगशाळेत कुत्र्यांवर तेच करून बघत होते आणि बाहेर महायुद्ध चालू होतं. तेव्हाही कुणीतरी स्पष्टवक्ता चैन म्हणालाच असणार. आपल्या पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ साली केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी गरोदर बायकांचा आहार आणि बाळांची वजनं मोजायला सुरुवात केली, त्यांनाही कुणीतरी ऐकवलं असेल.

'अर्थ अनिश्चित' रिपोर्टबद्दल: मी एक्सोमबद्दल (सगळ्या जनुकांचे प्रथिनं घडवणारे भाग एकदम वाचणारी चाचणी) लिहिलंच नव्हतं, मी एका साध्या चाचणीबद्दल लिहिलं होतं. लेख पुन्हा वाचा. आणि रिपोर्टचा अर्थ अनिश्चित येण्याचं एक कारण भारतीयांच्या जनुकांची नोंदच आजवर कमी होती, हे आहे. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाने १०,००० जणांचे जीनोम (संपूर्ण डीएनए) वाचले ते याचसाठी. त्यावर कधीतरी सविस्तर लिहीन.

तुमची पुढची प्रतिक्रिया मी छापेन. संपादित करणार नाही. मात्र खरं नाव लिहा, मी लिहिते तसं.

मुलीने हे सगळं वाचलं. तिचं म्हणणं, रांगेच्या मुद्द्याला मी बगल दिली आहे आणि पोथीतल्या प्रिंटचं सांगायची गरज नव्हती. तिला म्हटलं, तू तुझ्या नावाने प्रतिक्रिया लिही.