आधी दाखवा तरी!

पुरे झालं आता! दर शुक्रवारी एक मराठी सिनेमा अजरामर ठरतो, 'पुढच्या पिढ्या लक्षात ठेवतील' म्हणतात आणि पुढच्या शुक्रवारी पोस्टरसकट गायब. पुढच्या पिढ्या लक्षात ठेवतील कशा, भो? 'कोर्ट' आणि 'कासव', दोघांना राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ. भुसावळ, चोपडा, शहाद्यात विचारा, किती जणांनी पाहिलेत? असा मराठी सिनेमा जळगावात आलाच तर दुपारी साडेबाराचा एकच खेळ, तोही भर मे महिन्यात, ४४ डिग्रीत! चार दिवसांत उतरवतात आणि वर ऐकवतात, 'पब्लिकच नाही.' शेतकरी, नोकरदार, कॉलेजची पोरं त्या वेळी येणार कुठून?

'श्यामची आई' १९५३ची. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक तिचं. पण ती टिकली ती काय पदकामुळे? साने गुरुजी अमळनेरला शिकवायचे, आमच्याकडे त्यांचं नाव घरातलं. आज्यांनी नातवंडांना शेजारी बसवून दाखवली, म्हणून टिकली! आणि 'आलम आरा'? १९३१चा भारताचा पहिला बोलपट, आज त्याची एकही प्रिंट हाती नाही. मग आजचे सिनेमे कोण जपणार? ॲपवरून काढला की शोधत बसा!

कौतुक पुरे. संध्याकाळचा खेळ द्या, तालुक्याला द्या!