कानाआधी ताट

पुण्यातल्या माझ्या भाचीला पाचवा महिना लागला तेव्हा तिने गर्भसंस्काराच्या एका वर्गात नाव घातले. आठवड्यातून दोन तास वर्ग, घरी ऐकायला मंत्रांच्या आणि रागांच्या ध्वनिफिती, आणि जाहिरातीत ‘बुद्धिमान, तेजस्वी अपत्य’ असे सरळ आश्वासन. तिच्या नवऱ्याच्या मते ही निव्वळ लूट आहे, सासूबाईंच्या मते हा पूर्वजांचा ठेवा आहे, आणि घरातला हा तंटा निवाड्यासाठी माझ्याकडे, आम्स्टेलवेनला, येऊन पोहोचला. मी चौदा वर्षे नेदरलँड्समध्ये राहते, माझी दोन्ही बाळंतपणे इथेच झाली, तेव्हा मावशीला काय ते ठाऊक असणार असा एकूण समज. मी निवाडा दिला नाही. दोन्ही पक्ष ज्यावर भांडत आहेत तो मुद्दाच मला दुय्यम वाटतो, आणि तसे वाटण्याचे कारण मी ज्या देशात राहते त्याच्या इतिहासात आहे.

हा वाद चालतो तो कानाबद्दल. गर्भाला ऐकू येते का? येते, पण उशिरा. आतला कान काम करू लागतो तो साधारण चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यापासून, आणि बाहेरचा आवाज पोटाच्या भिंतीतून व पाण्यातून जाताना इतका दबतो की वरच्या पट्टीतले फारसे काही उरत नाही. सर्वांत ठळक पोहोचतो तो आईचा स्वतःचा आवाज, कारण तो तिच्या शरीरातूनच येतो. १९८० साली अमेरिकेत झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात, जन्मून तीन दिवसही न झालेली बाळे चोखण्याची लय बदलून परक्या बाईऐवजी आपल्या आईचा आवाज लावून घेत असल्याचे आढळले. म्हणजे सासूबाई अगदीच चूक नाहीत. मात्र आवाज ओळखणे वेगळे आणि त्यातला आशय शिकणे वेगळे. अशा वेळी अभिमन्यूचा दाखला हमखास दिला जातो; पण द्रोणपर्वातला अभिमन्यू एवढेच सांगतो की व्यूह भेदण्याची विद्या मला पित्याने शिकवली. सुभद्रेला लागलेली डुलकी ही पुढच्या कथाकारांची भर आहे, आणि कीर्तनात ती फार रंगते हेही खरे.

खरी गोष्ट अशी की कानाची वेळ येईपर्यंत बाकीचे बहुतेक काम उरकलेले असते. दवाखान्यात आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, त्यामुळे त्या हिशेबातल्या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ नसतोच. अंडाशयातून सुटलेली अंडपेशी जेमतेम एक दिवस टिकते, शुक्राणू मात्र चार-पाच दिवस वाट पाहू शकतात. दोहोंचा संयोग होतो तो गर्भाशयात नव्हे, अंडनलिकेत, आणि तिथून विभागत विभागत निघालेला पेशींचा पुंजका गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला आठवडाभर तरी घेतो. फलनानंतर साधारण बाविसाव्या दिवशी हृदयाची नळी धडधडू लागते. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास ती दुसरी नळी मिटते जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. ती नीट मिटली नाही तर मूल पाठीच्या कण्यातले व्यंग घेऊन जन्मते किंवा जगतच नाही. आठव्या आठवड्याच्या शेवटी सगळ्या मुख्य अवयवांचा आराखडा तयार असतो. पाळी चुकली, चार दिवस वाट पाहिली, चाचणी केली, घरात सांगितले, डॉक्टरांची वेळ घेतली, एवढ्यात ती नळी मिटलेली असते, नीट किंवा अर्धवट.

याला जुन्या ग्रंथांचा विरोध आहे असे कोणी समजू नये. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची वाढ महिन्यामहिन्याने सांगितली आहे आणि तिसऱ्या महिन्यात सर्व इंद्रिये व अंगावयव एकाच वेळी प्रकट होतात असे म्हटले आहे. सूक्ष्मदर्शकाशिवाय केलेले हे निरीक्षण मला आजच्या अनेक जाहिरातींपेक्षा जास्त आदरणीय वाटते. पुत्रप्राप्तीसाठीच्या पुंसवनाबद्दल मात्र तसे म्हणवत नाही, कारण मुलगा की मुलगी हे फलनाच्या क्षणीच, आणि तेही बापाच्या शुक्राणूवरून, ठरून गेलेले असते.

आता नेदरलँड्सबद्दल. सप्टेंबर १९४४ मध्ये डच रेल्वे कामगारांनी संप पुकारला, आणि त्याचा सूड म्हणून जर्मन फौजांनी देशाच्या पश्चिम भागात अन्न जाणे रोखले. त्या हिवाळ्यात ऍमस्टरडॅममधले माणशी रोजचे शिधावाटप ४०० ते ८०० कॅलरींपर्यंत घसरले, लोकांनी ट्यूलिपचे कांदे उकडून खाल्ले, आणि सुमारे २०,००० माणसे दगावली. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि उपासमार जशी अचानक आली तशी अचानक संपली. दुष्काळ जगात पुष्कळ झाले; पण ज्याची सुरुवात आणि शेवट तारखेने सांगता येतो, ज्याच्या आधी व नंतर लोक पोटभर जेवत होते आणि ज्या काळातही सुइणी व रुग्णालये जन्माच्या नोंदी नेटाने ठेवत होती, असा हा विरळाच. ऍमस्टरडॅमच्या विल्हेल्मिना गास्टहाउस या रुग्णालयातल्या अशाच नोंदींवरून, त्या काळात जन्मलेल्या माणसांना पन्नाशीत पुन्हा शोधून काढून तपासण्यात आले.

जे दिसले ते मला अजूनही बेचैन करते. ज्यांच्या आया गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उपाशी होत्या ती बाळे अपेक्षेप्रमाणे हडकुळी जन्मली. पण ज्यांच्या वाट्याला उपासमार फक्त सुरुवातीच्या महिन्यांत आली, ती जन्मताना चांगल्या वजनाची होती, कोणालाही निरोगीच वाटली असती. आणि पुढे हृदयविकाराचे प्रमाण त्यांच्यातच अधिक निघाले. २००८ साली तर असे प्रसिद्ध झाले की गर्भधारणेच्या सुमारास उपासमार सोसलेल्यांच्या एका जनुकावरच्या रासायनिक खुणा, साठ वर्षांनंतरही, त्यांच्याच सख्ख्या भावंडांहून वेगळ्या आहेत. जाता जाता आणखी एक: त्याच दुष्काळात गर्भात असलेल्या मुलग्यांच्या, पुढे सैन्यभरतीच्या वेळी घेतलेल्या बुद्धिचाचण्या संशोधकांनी सव्वा लाख तरुणांच्या नोंदींतून तपासल्या, तेव्हा त्यांत काही फरक आढळला नाही. बुद्धी, जिचे आश्वासन वर्गाच्या जाहिरातीत दिले जाते, ती उपासमारीलाही पुरून उरली. हृदय आणि रक्तवाहिन्या मात्र उरल्या नाहीत.

‘आपल्याकडे कुठे आहे तसली उपासमार?’ असे भाचीचा नवरा म्हणाला. उत्तर त्याच्या घरापासून थोड्याच अंतरावर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला आहे. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, पण पुण्याकडच्या बाळांचे स्नायू कमी असले तरी चरबी त्या मानाने टिकून होती, म्हणजे दिसायला किडकिडीत आणि आतून स्थूल. मधुमेहाची आपली वाट पाळण्यातच सुरू होते, असा त्याचा अर्थ. बाळाच्या वाढीचा संबंध आईने किती खाल्ले याच्यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध तिच्या पोटात किती वेळा गेले याच्याशी अधिक दिसला. सुमारे दोन तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. आणि ज्यांच्यात बी-१२ कमी पण फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व भरपूर होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी, प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. पोट भरलेले असणे आणि पोषण होणे यांतले हे अंतर उपाशी ऍमस्टरडॅमला माहीत नव्हते. ते आपले आहे.

माझ्या पहिल्या खेपेला इथल्या सुईणीने, म्हणजे प्रशिक्षित प्रसूतिसेविकेने, अभिनंदन केल्यावर पहिला प्रश्न विचारला की फॉलिक ॲसिड, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूची ती नळी नीट मिटायला मदत करणारे फोलेट, कधीपासून घेता, आणि दुसरा की मांस-मासे खाता का. मी शाकाहारी म्हटल्यावर तिने लगेच बी-१२ तपासायला लावले. इथला सल्ला असा आहे की मूल हवे असे ठरवले की गर्भधारणेच्या निदान चार आठवडे आधीपासून दहाव्या आठवड्यापर्यंत ती गोळी घ्यावी. इथे सगळे आदर्श आहे असे नाही. इथेही पुष्कळ बायका गोळी उशिरा सुरू करतात, सुईणीच्या आहाराच्या पत्रकात पाव आणि चीज यांपलीकडे जगच नव्हते, आणि सातव्या महिन्यात माझी कंबर धरली तेव्हा तिने गरम पाण्याने अंघोळ करा एवढेच सांगून फोन ठेवला. डोहाळे पुरवणारे माणूस, हातावर वाटी ठेवणारी आई, ओटी भरायला जमलेल्या बायका, यांची उणीव मला त्या नऊ महिन्यांत रोज जाणवली. डोहाळजेवण मला म्हणूनच प्रिय आहे. फक्त ते सातव्या महिन्यात असते.

आपल्याकडे या सुरुवातीच्या आठवड्यांबद्दल बोलायला जागाच नाही, ही माझी खरी तक्रार आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. आणि २००७ साली त्याच महाराष्ट्रात शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम संस्कृतीच्या नावाने थांबवण्यात आला. माझ्या शाळेत प्रजननाचा धडा ‘घरी वाचून या’ म्हणून वगळला गेला होता. नेदरलँड्समध्ये २०१२ पासून प्राथमिक शाळांनाही हा विषय टाळता येत नाही, आणि त्यावरून इथेही पालकांत भांडणे होतात, २०२३ साली तर फारच झाली. पण भांडणारा पालकही गर्भधारणा कधी आणि कशी होते हे जाणूनच भांडतो. देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आहेत असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ मध्ये दिसले. त्यांच्यातल्या अनेकींचे रक्त काही गरोदर राहिल्यावर कमी झालेले नसते. आणखी मागेही जाता येईल: मुलीच्या अंडाशयातल्या अंडपेशी ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात, म्हणजे भाचीच्या बाळाची अर्धी सुरुवात माझ्या आईच्या हातच्या जेवणावर, भाचीची आई म्हणजे माझी ताई गरोदर असताना, झाली आहे. संस्कारच म्हणायचे तर तो हा.

भाचीने वर्ग सोडलेला नाही, आणि सोड असे मी म्हटलेही नाही. तिथे तिला दोन मैत्रिणी मिळाल्या आहेत आणि झोप चांगली लागते. बी-१२ मात्र तिने माझ्या सांगण्यावरून तपासले, ते कमी निघाले, आणि आता डॉक्टरांनी औषध दिले आहे. तिच्या धाकट्या बहिणीचे लग्न येत्या डिसेंबरात आहे. रुखवतात फॉलिक ॲसिड आणि बी-१२ च्या गोळ्या मांडण्याचा माझा प्रस्ताव ताईने ‘पाहुणे काय म्हणतील’ म्हणून फेटाळला, तेव्हा नवरीला डॉक्टरांकडे मीच घेऊन जाणार आहे, मेंदीच्या आदल्या दिवशी.