रेलिंगला पट्टी मारून भागेल का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं, की ओट्याच्या रेलिंगचा खांब बुडाशी गंजला तर वेल्डरकडून पट्टी मारून घ्यावी, फटीत एपॉक्सी पुट्टी भरावी, वरून रंग, तासाभराचं काम. काँक्रीट फोडायला सांगून मी लोकांना उगाच खर्चात पाडतो.

पण पट्टी मारणार कशावर? घरगुती रेलिंगला बऱ्याचदा 16 गेजचा चौकोनी पाईप असतो, म्हणजे पत्रा जेमतेम 1.6 मिमी. तो गंजून निम्मा झाला की वेल्डिंगचा रॉड टेकताच भोक पडतं. वेल्डर हुशार असेल तर वरच्या चांगल्या पत्र्यावर टाका घेईल. खालचं टोक मात्र काँक्रीटच्या तोंडाशीच संपणार, आणि गंज तर तिथून खाली उतरलेला.

लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो. काँक्रीट दाब सोसतं, ताण फारसा सोसत नाही. म्हणून खांबाभोवती चीर पडते आणि पायरीची कड सुटते. पुट्टीने बाहेरचं पाणी अडेल, मान्य. पण पाईप पोकळ आहे. वरची टोपी निघालेली असेल किंवा वेल्डिंगला बारीक छिद्र राहिलं असेल, तर पावसाचं पाणी आतून उतरून तळाशी साचतं. त्यात तुमचं घर मालवणात. खाऱ्या हवेतला क्षार काँक्रीटमध्ये मुरला की एरवी लोखंडाला गंजापासून राखणारं तेच काँक्रीट निरुपयोगी ठरतं.

एक मात्र तुमचं बरोबर आहे: दरवेळी फोडायची गरज नसते. बुडाशी स्क्रूड्रायव्हर जोरात टोचून बघा. पत्रा दबला नाही आणि नुसत्या खपल्या निघाल्या, तर ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून चकचकीत करा, झिंकवाला (जस्ताचा) एपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारा आणि खांबाभोवती सिमेंटचा बाहेर उतरता गोळा करा, म्हणजे पाणी थांबणार नाही. गंजावरच रेड ऑक्साईड प्रायमर फासणं म्हणजे पैसे पाण्यात.

पत्रा दबला तर खांब कापावाच लागतो. फोडाफोड नकोच असेल तर जुना बुंधा पृष्ठभागाखाली दीडेक इंच कोरून काढा, खड्डा रिपेअर मॉर्टरने (दुरुस्तीच्या तयार सिमेंट मालाने) भरा आणि नवा खांब बेसप्लेटवर (बुडाला वेल्ड केलेल्या, बोल्टची भोकं असलेल्या सपाट प्लेटवर) शेजारच्या पक्क्या काँक्रीटवर बसवा. पायरीच्या कडेजवळ भोकात फुगून पकड घेणारा बोल्ट (अँकर फास्टनर) नको, तो आवळताना कडच फुटते. तिथे केमिकल अँकर घ्या, म्हणजे भोकात रसायन भरून त्यात चिकटवलेला बोल्ट. भोकातली धूळ ब्रशने आणि हवेने पूर्ण काढा, नाहीतर रसायन धुळीलाच चिकटतं. भोकाची खोली मोजताना फरशी आणि तिच्याखालचा माल धरू नका. बोल्टची पकड खालच्या काँक्रीटमध्येच हवी.

जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पाईपला वेल्डिंग करणार असाल तर टाक्याजवळचं जस्त आधी घासून काढायला सांगा. तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो.

‘त्यापेक्षा सरळ स्टील लावा’ असंही तुम्ही लिहिलंय. लावा, पण बिलावर स्टेनलेस स्टीलचा ग्रेड (202, 304, 316 असा प्रकार) लिहून घ्या. स्वस्तातलं 202 किनाऱ्यावर लवकर डागाळतं, 304 वरही डाग येतात. समुद्राजवळ 316 हवं. लोहचुंबक लावून बघण्यात अर्थ नाही, 202 लाही ते सहसा चिकटत नाही.