चोचीत पाल धरलेला तिबोटी आणि माझे धूसर फोटो

जून उजाडला की फेसबुकवर तिबोटी खंड्याचा पूर येतो. मागे मऊ हिरवं, पुढे शेवाळलेली काडी, काडीवर तो नारिंगी-जांभळा जीव आणि चोचीत पाल नाहीतर कुर्ली. खाली 'अप्रतिम', 'जबरदस्त कॅप्चर'. पक्षी देखणाच आहे, रायगडचा जिल्हा पक्षी उगाच नाही झाला. माझा आक्षेप त्या फोटोला आहे.

तिबोटी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, नाहीतर रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत बीळ करतो. पिल्लांसाठी आणलेल्या पालीचं डोकं चोचीबाहेर असतं, म्हणजे भरवताना ते आधी पिल्लाच्या तोंडात जातं. निवांत असला तर क्षणभर टेकतो, इकडेतिकडे बघतो आणि सुळकन आत. तोच काडीवर ताटकळत बसला, मान वरखाली करत राहिला, उडून पुन्हा त्याच काडीवर आला, तर समोर कुणीतरी आहे म्हणून त्याला आत जाववत नाहीये. आणि आपण मात्र 'काय पोज दिली' म्हणून धडाधड फोटोंचा बर्स्ट मारतोय! ती काडीसुद्धा बरेचदा आपणच रोवलेली. आत पिल्लं उपाशी, बाहेर मेमरी कार्ड फुल्ल.

नवरंग पक्ष्याचं तेच. मे-जूनमध्ये तो इथे कोकणात विणीला येतो आणि झाडीतून दोन सुरांची शीळ घालतो. मोबाईलला स्पीकर जोडून तीच शीळ वाजवली की बिचारा हद्दीत दुसरा नर घुसला समजून धावत येतो. फोटो मिळतो, पण पिल्लांच्या दिवसांत त्याने नसलेल्या शत्रूशी भांडत बसायचं. पुण्या-मुंबईचेच हे करतात असं नाही हां. आपल्या गावातली पोरंही आता घरट्याचा पत्ता पैसे घेऊन दाखवतात. त्यांच्या हाताला काम हवं हे मान्य, पण घरटं सोडूनही पक्षी दाखवता येतात. चातक दाखवा, स्वर्गीय नर्तक दाखवा.

आता माझ्या आवडीच्या दिवसांबद्दल. ऑगस्टपासून किनाऱ्यावर चिखले, तुतवार हे स्थलांतरित पक्षी उतरायला लागतात. 'पक्षी काय ते थंडीत' म्हणणारे इथेच चुकतात. तिबेट-मध्य आशियाकडून आलेल्या चिखल्यांच्या छातीवर ऑगस्टात विणीचा विटकरी रंग असतो, विटलेला, मधूनच पांढरी पिसं फुटलेली. थंडीत बघाल तर सगळे सारखेच मातकट. आधी मोठे येतात, त्या वर्षीची पिल्लं मागाहून, आईबापांशिवाय, कधी न पाहिलेल्या किनाऱ्यावर. कसं जमतं कोण जाणे.

यांचे फोटो काढायची सोपी रीत आहे. भरतीचं वेळापत्रक बघा, सुकती संपून पाणी चढायला लागलं की वाळूवर पालथे पडा आणि हलू नका. पाणीच त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. अलिबागजवळच्या आक्षीला मात्र सुट्टीच्या दिवशी कुणीतरी थव्यात धावतंच, 'फ्लाइट शॉट' हवा म्हणून. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराला पुन्हा उडवायचं!

जुलै-ऑगस्टच्या वादळी वाऱ्यात मास्क्ड बूबीसारखा खोल समुद्रातला पक्षी थकून पुळणीवर येऊन बसतो. त्याच्याभोवती कोंडाळं करू नका, आणि दया म्हणून परत पाण्यातही टाकू नका. वनखात्याला १९२६ वर कळवा, खोक्यात सावलीला ठेवा. फोटो त्यानंतर, एखादाच.

माझं म्हणणं एवढंच, की फोटो सुंदर नसला तरी चालेल, त्यातून काही कळलं पाहिजे. पावसाळी उजेडात माझे निम्मे फोटो धूसरच येतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, वाढवला की रवाळ, कमी केला की हललेला, वर लेन्सला बुरशी धरायची भीती. पण उडताना कमरेवरचा पांढरा पट्टा दिसला, पायांचा रंग दिसला, तर त्याच कचरा फोटोवरून पक्षी ओळखता येतो. थव्यात एखादा ग्रेट नॉट, जगभरात संकटात असलेला पक्षी, असाच सापडतो. तारीख घालून ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर, टाका. किनाऱ्यावरच्या थव्याची जागाही टाका. घरट्याची जागा मात्र कुणालाच नाही, मलासुद्धा नाही.

ऑक्टोबरात काकण, म्हणजे आपला समुद्र गरुड, घरट्यासाठी काटक्या नेताना दिसेल. कुठल्या झाडावर नेतोय ते लांबून बघून घ्या आणि झाड राखा म्हणून झाडाच्या मालकाशी बोला. जुने रायवळ आंबे तोडायला माणसं टपलेलीच आहेत.

आणि हो, सप्टेंबर-ऑक्टोबरात तारेवर नीलपंख बसलेला दिसला की पुढे जाऊ नका, छातीकडे बघा. आपल्याकडच्या नीलपंखाची छाती तांबूस-तपकिरी. डोक्यापासून पोटापर्यंत सगळा फिका निळा असेल तर तो युरोपीय नीलपंख, आफ्रिकेला निघालेला. फोटोत विजेचा खांब आला तरी चालेल. कमेंटमध्ये टाका.